ते श्रीरामपूर आपलं नव्हे

“पाळकीणबाई व्हायचंय ना तुला? मग त्यासाठी चार वर्षं शिकायला कशाला पाहिजे, एखादा पाळक बघू की तुझ्यासाठी!”

चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत हे कोण बोललं ते सांगत नाही. त्या काकांनी मला लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून संडे स्कूलला नेलंय, आणि माणूस मनानं वाईट नाही. सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र लक्षात आलं, की काकांनी विनोद केला नव्हता, साधी माहिती दिली होती. आमच्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांच्या, चर्चच्या धर्मगुरूंच्या, मिसेस. त्यांनी महिला मंडळ चालवायचं, नाताळात घरोघरी फराळाची ताटं पोचवायची, कमिटी लांबली की दुसरा चहा टाकायचा. बाईच पाळक झाली तर तिला हाक काय मारायची, हा प्रश्न आमच्याकडे तोवर कुणाला पडलाच नव्हता. स्त्रियांना दीक्षा द्यायला आमच्या चर्चच्या नियमांत आडकाठी नाही. पण नियमांना हाक मारावी लागत नाही.

मला तेव्हा सव्विसावं लागलं होतं. नगरला बी.ए. करून एका पतसंस्थेत तीन वर्षं कारकुनी केली होती. दिवसभर पिग्मीच्या पावत्या जुळवायच्या, संध्याकाळी तरुण संघाच्या सरावाला पेटी वाजवायची. “पाचारण कसं झालं?”, म्हणजे देवाचं बोलावणं कसं आलं, असं मुलाखतीत हमखास विचारतात आणि तिथं माझी पंचाईत व्हायची. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रेषित पौलाला दिसला तसा प्रकाश मला दिसला नाही. घडलं ते एवढंच. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी यायचे, कारण त्यांच्याकडे आणखी पाच गावं होती. एका पावसाळी रविवारी त्यांची मोटारसायकल वाटेत बंद पडली. पंचवीसेक माणसं येऊन बसलेली. आजीनं मला कोपरानं ढोसलं, “ऊठ, तू वाच.” मी शास्त्रपाठ वाचला, दोन गीतं घेतली, प्रार्थना केली. संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायची हिंमत झाली नाही. बाहेर चपला घालताना एका म्हातारबांनी मी वाचलेल्या उताऱ्याचा अर्थ विचारला आणि मला तो सांगता आला नाही. पुढं कित्येक महिने पावत्या जुळवताना ते मला टोचत राहिलं. याला पाचारण म्हणायचं तर म्हणा.

आजी बायबलबाई होती. मिशनच्या काळात गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगणाऱ्या, अक्षरं गिरवून घेणाऱ्या, बाळंतिणीपाशी आणि आजाऱ्यापाशी बसणाऱ्या बायकांना हे नाव होतं. शिक्षण चौथी, हातात पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र (बायबल) आणि गीतांचं पुस्तक. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन द्यायला पाळकसाहेब यायचे, बाकीचं सगळं आजी करायची. मी सेमिनरीला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजला, जायचं म्हटल्यावर घरात ती एकटीच दचकली नाही. “जा की. माझं चौथीत भागलं, तुझं भागायचं नाही,” म्हणाली.

मग कागदपत्रं. मंडळीचं शिफारसपत्र, पाळकसाहेबांचं पत्र, बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, आणि शेवटी धर्मप्रांताच्या मंडळापुढं मुलाखत. लांब टेबल, पलीकडे सात जण, त्यांत एक बाई. पाचारणाबद्दल विचारलं, बायबलातल्या संदेष्ट्यांची नावं विचारली. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) एकच प्रश्न विचारला, माझ्या लग्नाबद्दल तीन. शिकून आल्यावर लग्न झालं तर नवऱ्याच्या बदलीचं काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण नवराच नव्हता. हो-नाही करत दोन वर्षांनी माझं नाव पाठवलं गेलं. पहिल्या वर्षी ‘जागा नाही’ असं कळवलं होतं, म्हणून पतसंस्थेत आणखी एक मार्चअखेर काढली.

सेमिनरी बंगळुरात, पण पदवी सेरामपूरची. हा घोळ गावात कुणालाच समजावता आला नाही. देशातल्या बऱ्याच प्रोटेस्टंट सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटला जोडलेल्या आहेत. शिकायचं आपापल्या ठिकाणी, पदवी तिकडची. कलकत्त्याच्या वर, हुगळीच्या काठावर ते गाव आहे. एके काळी डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८१८ साली मिशनरी विल्यम केरी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथं कॉलेज काढलं, आणि १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या द्यायचा अधिकार दिला. बंगालीत त्या गावाचं नाव श्रीरामपूरच. आता आमच्या नगर जिल्ह्यात श्रीरामपूर म्हटलं की ऊस, साखर कारखाने आणि एस्टी स्टँड. शेजारच्या मावशींनी आईला विचारलं, “पदवी श्रीरामपूरची घ्यायची तर पोरगी बंगळुराला कशाला धाडली? इथून तासाभराचा तर रस्ता!” पप्पांनी दोनदा नकाशा काढून दाखवला, मग सोडून दिलं. गंमत अशी, की ते लांबचं श्रीरामपूरही आपल्याला अगदीच परकं नाही. केरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे मत्तयानं सांगितलेली येशूची कथा, मराठीत तिथंच आणलं, १८०५ साली, आणि १८११ साली नवा करार, बायबलचा दुसरा भाग. आजीच्या पिशवीतल्या पुस्तकाचं पणजीघर म्हणा ना.

कर्नाटक एक्सप्रेस नगरला थांबते, दौंड-सोलापूरवरून बंगळुराला जाते. पप्पा दौंडपर्यंत सोडायला आले. दौंडहून पुण्याच्या वाटेवर केडगाव लागतं, तिकडं बोट दाखवून म्हणाले, “रमाबाईंचं मुक्तिमिशन त्या बाजूला.” (इथंही नावाचा घोटाळा: आमच्या नगरला लागून आहे ते केडगाव वेगळं.) पंडिता रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या बायबलच्या मूळ भाषा शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं आणि मुक्तिमिशनातल्या बायकांनी ते खिळे जुळवून छापलं. काम पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. लहानपणापासून हे ऐकलेलं. हिब्रू म्हणजे काय प्रकरण असतं याची कल्पना मात्र तेव्हा नव्हती.

ती पहिल्या आठवड्यात आली. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे, सगळी व्यंजनं. स्वर म्हणजे अक्षरांच्या खाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. वर्गातली इंग्रजी माध्यमातली मुलं त्या ठिपक्यांनी घायकुतीला आली. मला ते आपले काना-मात्रा-वेलांटीच वाटले, फक्त माशी बसल्यासारखे बारीक. क्रियापदं चालवायला आमच्या पुस्तकात घेतलेला पहिला धातू होता ‘कातल’, म्हणजे ठार मारणे. त्यानं मारलं, तिनं मारलं, तू मारलंस, असं सकाळी साडेसातला पस्तीस भावी पाळक एका सुरात म्हणायचे. आपली ‘कत्तल’ अरबीतून आली, तिची ही चुलत बहीण. ग्रीकचा पहिला धातू त्यामानानं सोज्वळ, ‘लुओ’, मी सोडतो. ग्रीकमध्ये मला खरा आधार झाला तो चौथीतल्या स-ला-ते, स-ला-ना-ते या घोकंपट्टीचा. नामाला विभक्ती असते, तीन लिंगं असतात, कर्म कुठंही फेकलं तरी प्रत्ययावरून ओळखू येतं, हे बाकीच्यांना पाटीवर आकृत्या काढून सांगावं लागायचं. आयुष्यात पहिल्यांदा मराठी माध्यमाचा फायदा झाला.

कारण उरलेल्या वेळी तोटाच होता. शिकवणं इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी, प्रबंध इंग्रजी, आणि माझं इंग्रजी पतसंस्थेतल्या अर्जाइतकं. पहिल्या सत्रात मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. मनात वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या शतकात गेलेले असायचे. माझी खोलीतली सोबतीण मिझोरमची. ती गाताना इमारत थांबून ऐकायची, पण इंग्रजीच्या बाबतीत आम्ही दोघी एकाच बोटीत. रात्री बारापर्यंत शब्दकोश घेऊन एका पानाशी झुंजायचं, आणि सकाळी कळायचं की ते पान अभ्यासक्रमात नव्हतं.

दुसऱ्या वर्षाबद्दल मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तोवर पवित्र शास्त्र म्हणजे आजीच्या पिशवीतलं काळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक. दुसऱ्या वर्षी त्याचे टाके दिसायला लागतात. उत्पत्ती या बायबलातल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यात शेवटी घडवला जातो, दुसऱ्यात झाडांच्या आणि जनावरांच्या आधी. मी हे दोन्ही अध्याय शंभर वेळा वाचले होते आणि मला ते कधीच खटकलं नव्हतं. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला थांबतं. बायका येशूची रिकामी कबर बघतात, पळत सुटतात आणि भीतीनं कुणालाच काही सांगत नाहीत. संपलं. पुढची बारा वचनं नंतर जोडलेली. माझ्या वर्गातला एक ओडिया मुलगा त्या दिवशी जेवायला आला नाही. मी जेवले, पण योहानाच्या आठव्या अध्यायापाशी माझाही घास अडकला.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट. लोक दगड घेऊन उभे, येशू खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहितोय, आणि मग ‘तुमच्यामध्ये जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड टाकावा’. ही आजीची गोष्ट. नवऱ्यानं टाकलेल्या, गावानं बोल लावलेल्या बायकांच्या ओट्यावर बसून तिनं ती किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. आणि सर फळ्यावर लिहीत होते, की सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत ही गोष्ट नाही. काही हस्तलिखितांत ती योहानात नसून लूकमध्ये सापडते. म्हणजे गोष्ट मुक्काम शोधत हिंडत होती.

महिनाभर मी हे आजीपासून लपवलं. मग न राहवून फोनवर सांगितलं. चोरी कबूल करावी तशी. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, “म्हंजे आधी लिहायची राहिली व्हय?”

“तसंच काहीतरी.”

“मग नंतर कुणाला तरी आठवली असंल. बरं केलं घातली ते.”

मी या विषयावर बावीस पानांचा प्रबंध लिहिला, तळटिपांसकट. पुष्कळ अभ्यासकांचं मतही असंच आहे, की ही येशूबद्दलची जुनी, तोंडी चालत आलेली आठवण असावी आणि तिला उशिरा जागा मिळाली. आजीला तळटिपा लागल्या नाहीत.

माझी श्रद्धा त्या वर्षी गेली का, असं तरुण संघातली मुलं विचारतात. गेली नाही, पण तिचा आवाज बसला. प्रार्थनेला बसले की शब्द सुचायचे आणि लगेच त्यांच्यावरची टीका सुचायची. असे चारपाच महिने गेले. कुणी काही उपाय केला नाही, आपोआप सुटलं असंही नाही. हिब्रूतून स्तोत्रं वाचायला लागलो आणि हळूहळू तोंड उघडलं. तेविसावं स्तोत्र आपल्याकडे मुखपाठ असतं, ‘कल्याण व दया लाभतील’ असं म्हणत आम्ही मोठे झालो. हिब्रूत तिथं ‘रादाफ’ हा धातू आहे, पाठलाग करणे. मिसरच्या राजाचं, फारोचं, सैन्य इस्राएल लोकांच्या मागं लागतं तिथंही हाच. कल्याण आणि दया हात धुऊन मागं लागतील! पुस्तक मिटून मी एकटीच हसले.

पौलाच्या रोमकरांस पत्रातला सोळावा अध्याय म्हणजे नुसती सलामांची यादी, उपासनेत कुणी वाचत नाही. तिथं फिबी भेटली. किंख्रिया इथल्या मंडळीची ‘दियाकोनॉस’. हाच शब्द पौल स्वतःसाठी आणि आपला सहकारी अपुल्लोस याच्यासाठी वापरतो. त्याच शब्दापासून ‘डिकन’ झाला, पाळकाच्या आधीची पायरी. आपल्या मराठीत फिबी आहे ‘सेविका’, आणि महाराष्ट्रात सेविका म्हटलं की डोळ्यापुढं अंगणवाडी येते. (अंगणवाडी सेविका गावात किती कामं उपसतात ते पाहता हे भाषांतर फारसं चुकलेलंही नाही, पण ते असो.) त्याच अध्यायात यूनिया आहे. तिला तर प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हटलंय, आणि बाईला प्रेषित कसं म्हणावं या अडचणीतून मधल्या काळात कितीकांनी तिचा पुरुष करून टाकला होता. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सगळं घेऊन काकांपुढं उभी राहिले. काकांनी शांतपणे पौलाचंच करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, अध्याय चौदा, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. मी त्याच पत्राचा अकरावा अध्याय काढला, तिथं बायका मंडळीत प्रार्थना करतात, संदेश देतात, फक्त डोक्यावर पदर घेऊन. चौदाव्यातली ती वचनं काही हस्तलिखितांत वेगळ्या जागी येतात, हेही सांगितलं. काका म्हणाले, “शिकवलंय चांगलं.” त्यांचं मत तसूभर हललं नाही. ग्रीकनं माणसं हलत नाहीत, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

एक तास मात्र अभ्यासक्रमातला असूनही घरचा निघाला. दलित ईश्वरविज्ञान शिकवताना अरविंद निर्मळ हे नाव आलं आणि मी ताठ बसले. आपला मराठी माणूस. १९८१ साली बंगळुरातच, युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी केलेल्या भाषणापासून या विचाराची सुरुवात धरतात. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं विश्वासवचन आहे ना, ‘माझा बाप भटकणारा अरामी होता’, ते घेऊन निर्मळ विचारतात, की आपले बापजादे कोण होते? आमच्या घरात हा प्रश्न कधी उघड विचारला गेला नव्हता. आम्ही ख्रिस्ती, बस्स. आजीचे आजोबा वेशीबाहेरचे, पाटलाच्या विहिरीवर त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हे आजीनं एकदाच, ज्वारी निवडता निवडता, बोलता बोलता सांगितलं होतं. त्या तासाला मी ते वर्गात इंग्रजीतून सांगितलं. सत्रातलं माझं सगळ्यात लांब भाषण, आणि एकदाही अडखळले नाही.

तिसऱ्या वर्षी सहा आठवडे इस्पितळात. रोग्यांपाशी बसायचं, बोलायचं, आणि मग खोलीवर येऊन सगळं संभाषण आठवेल तसं शब्दशः लिहायचं. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. तो म्हणाला, मी म्हणाले, तो गप्प राहिला, मी खिडकीकडे पाहिलं, असं सगळं. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक ते गटापुढं वाचायला लावतात. माझ्या वाट्याला सोलापूरकडचा एक ट्रकचालक आला होता. अपघातात गुडघ्याखालून पाय गेलेला. वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटी म्हणून नर्सनं मुद्दाम गाठ घालून दिली. तो म्हणाला, “आता घरी तोंड कसं दाखवू?” मी म्हणाले, “देव तुमच्याबरोबर आहे, दादा.” तो “हं” म्हणाला. मी म्हणाले, “डॉक्टर राउंडला किती वाजता येतात?”

पर्यवेक्षक बाईंनी लाल पेन घेऊन डॉक्टरांच्या वाक्याभोवती गोल काढला. “इथं तू पळालीस.” मग वर गेल्या आणि देवाच्या वाक्याभोवतीही गोल काढला. “खरं तर इथंच.” मग विचारलं, त्यानं मूळ भाषेत काय शब्द वापरले? मी इंग्रजीत ‘त्याला लाज वाटते’ एवढंच लिहिलं होतं. तोंड दाखवणं म्हणजे काय, त्याचं कोणतं तोंड, कुणाला दाखवायचंय, यावर अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात कळलं की त्या माणसानं ट्रकसाठी मेव्हण्याकडून पैसे घेतलेले असू शकतात, बायको माहेरी असू शकते, काहीही असू शकतं, आणि मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले आणि म्हणाले, “काल तुम्ही तोंड दाखवायचं म्हणालात.” मग तो बोलायला लागला. काय बोलला ते त्याचं त्याच्यापाशी. देवाचं नाव मी त्या दिवशी घेतलं नाही. निघताना त्यानंच घेतलं.

तोवर माझं प्रवचन मात्र अजून कच्चंच होतं. त्याच वर्षी सुट्टीत गावच्या मंडळीत मला पहिल्यांदा पुरा संदेश द्यायला सांगितला. मी सेमिनरीत शिकवल्याप्रमाणे उताऱ्याची पार्श्वभूमी, रचना, तीन मुद्दे असं सगळं बांधून नेलं. तेवीस मिनिटं बोलले. पंखा बंद होता. ‘संदर्भ’, ‘तणाव’, ‘युगांत’, ‘समुदायाचं आत्मभान’ असे शब्द त्या पत्र्याच्या छपराला आपटून खाली पडताना मला दिसत होते. मागच्या सतरंजीवर दोघी जणी शेळीच्या औषधाबद्दल बोलत होत्या. घरी आल्यावर आजी म्हणाली, “झालं चांगलं. पण पोरी, तू आमाला सांगत व्हतीस, का तुझ्या मास्तरला?”

या प्रश्नाचं उत्तर मला ग्रीकच्या वर्गात मिळालं. लूकचा सातवा अध्याय, नाईन गावची विधवा. एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा वेशीतून बाहेर पडतेय आणि समोरून येशू येतो. ‘तिला पाहून प्रभूला तिचा कळवळा आला.’ इथलं ग्रीक क्रियापद आहे ‘स्प्लांख्निझोमाय’, नव्या करारात बारा वेळा, आणि फक्त पहिल्या तीन शुभवर्तमानांत. मी इंग्रजीतून त्याबद्दल सहानुभूती, करुणा वगैरे लिहून नेलं होतं. सर केरळचे. त्यांनी प्रत्येकाला आपापल्या भाषेतला शब्द विचारला. मी म्हणाले, कळवळा. सर म्हणाले, “तो शरीरात कुठं होतो?”

मी गप्प. कळवळा कुठं होतो? मग सरांनी त्या क्रियापदाचं मूळ नाम फळ्यावर लिहिलं, ‘स्प्लांख्ना’. अर्थ: आतडी.

माझ्या कानात एकदम आजीचा आवाज आला. बांधावर उभी राहून कुणाच्या तरी मेलेल्या लेकराबद्दल बोलणारी आजी. “आतडं तुटतं गं माझं.” इतकी वर्षं इंग्रजीच्या डोंगराला वळसा घालून मी ज्या ग्रीक शब्दापाशी पोचले, तो आमच्या ओट्यावर आधीच बसलेला होता. पोटात कालवतं, आतडं पिळवटतं, पोटात तुटतं. इंग्रजीत हे सांगायला सरांना वाक्य लागलं. हिब्रूत दयेला ‘राहामीम’ म्हणतात, त्याचं नातं ‘रेहेम’शी, गर्भाशयाशी. पोटची माया. आमचा नेवासे तालुका म्हणजे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली ती जागा. तिथली मी, आणि मला हे कळायला बंगळूर गाठावं लागलं. त्या प्रबंधाला मला बरे गुण मिळाले. ‘मातृभाषेतल्या उदाहरणांचा पुरावा अपुरा’ असा शेरा होता. पुरावा शहाऐंशी वर्षांचा आहे आणि पानतंबाखू खातो, हे लिहायची सोय नव्हती.

शेवटचं वर्ष पळालं. परीक्षा, निकाल, काळा झगा, फोटो. पप्पांनी पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि शेजारच्या मावशींनी ते वाचून पुन्हा एकदा विचारलं, की श्रीरामपूर लिहायला यांना नीट येत नाही का.

परत आल्यावर उमेदवारीसाठी मला चार गावं दिली. पहिल्याच महिन्यात हायवेवर मोटारसायकल घसरून एक एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. बाप आधीच वारलेला, आईला हा एकच. पाळकसाहेब नागपूरला, ते पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दफनविधी मीच चालवायचा होता. उतारा शोधावा लागला नाही, तो समोरून चालत आला. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण नाईनच्या गोष्टीत मुलगा उठून बसतो. या बाईचा बसणार नव्हता. ती गोष्ट पुरी सांगणं म्हणजे तिच्या तोंडात मारणं. आणि ‘रडू नकोस’ हे येशू म्हणाला, मला ते म्हणायचा अधिकार नव्हता.

मी तेरावं वचन अर्ध्यात सोडलं. वेशीपाशी आले, गर्दी सांगितली, तिरडी सांगितली, आणि म्हणाले, “तिला बघून त्याचं आतडं तुटलं.” तिथंच थांबले. तीन मुद्दे नव्हते, तीन मिनिटंही झाली नसतील. कुणी काही बोललं नाही. मग एका म्हातारीनं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक जुनं गीत धरलं, बाकीच्यांनी उचललं आणि माती लोटली. बरोबर केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पाळकसाहेब नंतर म्हणाले, पुनरुत्थानाची आशा स्पष्ट सांगायला हवी होती. त्यांचंही चूक नाही. मुलाच्या आईनं मला काही सांगितलं नाही. चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला निरोप मात्र मलाच आला.

गेल्या वर्षी बिशपांनी डोक्यावर हात ठेवून मला डिकनची दीक्षा दिली. पाळकाची पुढं होईल तेव्हा होईल. आजीला व्हीलचेअरवरून पहिल्या बाकाजवळ आणलं होतं. विधी चालू असताना तिनं मोठ्यांदा विचारलं, “झाली का?” कुणीतरी “व्हतीय” म्हणालं.

हाकेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. संडे स्कूलची पोरं ‘बाई’ म्हणतात, ते मला आवडतं. बायका ‘ताई’ म्हणतात. एक रिटायर फौजदार आहेत ते खाडकन ‘सलाम, पाळकसाहेब!’ म्हणून मोकळे होतात आणि रस्त्यावरचे लोक वळून बघतात. कमिटीच्या इतिवृत्तात ‘डिकन मॅडम’ लिहितात. सायकलवाले काका मात्र अजून कुठलंच नाव घेत नाहीत. “ते आपलं… काय ठरलं मग?” असं भिंतीकडे बघून विचारतात.

परवा छपराच्या दुरुस्तीवरून कमिटी दहापर्यंत लांबली. पाळकीणबाई माहेरी गेलेल्या. दुसऱ्या चहाची वेळ झाली आणि सगळे एकदम थांबले. सातआठ माणसं, बाईमाणूस मी एकटी. मी पत्र्यांच्या दरपत्रकातून मान वर काढली नाही. बराच वेळ नुसती शांतता.

शेवटी काकाच उठले.